क्लबचं वर्षाचं ध्येय कसं ठरवायचं? २१४ बाटल्या आणि मे महिन्यातला एक फोन

आजचा भाग जरा घरगुती आहे. आठवडाभर मी कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी पुण्यातल्या एका छोट्या सेवा क्लबमध्ये लुडबुड करतो. जून उजाडला की आमच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो: "यंदाचे गोल्स काय ठेवायचे?" रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. आमचंही तसंच आहे. त्यामुळे तुमच्याकडेही आत्ता हीच चर्चा चालू असेल, तर हा भाग तुमच्यासाठी. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी मी सेक्रेटरी होतो. नवा नवा उत्साह! एका रात्रीत शीट बनवली. बारा ध्येयं, प्रत्येकापुढे एक आकडा. झाडं ५००, वह्या १,०००, रक्ताच्या बाटल्या २००. पंधरा ऑगस्टला शिबिर घेतलं आणि चक्क २१४ बाटल्या जमल्या. मी शीटमधला तो रकाना हिरवा केला, फोटो टाकला, वर्षअखेरीला एक ढालसुद्धा मिळाली.

पण त्याआधी मे महिना आला होता. आमच्याच एका मैत्रिणीच्या आईचं ऑपरेशन होतं. रात्री साडेदहाला तिचा फोन आला, "अरे, बी निगेटिव्ह मिळत नाहीये. चार रक्तपेढ्या फिरून झाल्या. आपण दोनशे लोकांचं रक्त घेतलं होतं ना रे?" मला काही बोलताच येईना. माझ्याकडे शिबिराचे ढिगाने फोटो होते. पण कुणाचा रक्तगट काय, पुन्हा फोन केलेला चालेल का, याची यादी नव्हती. पहाटे एका सदस्याच्या ऑफिसमधला माणूस मिळाला, ऑपरेशन झालं, काकू आज ठणठणीत आहेत. पण त्या रात्री एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: शीट हिरवी होती, काम झालेलं नव्हतं.

असं का झालं, ते बघू. रक्त काही गोदामात साठवून ठेवता येत नाही. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर जेमतेम पाच दिवस. म्हणजे पंधरा ऑगस्टची बाटली सप्टेंबर संपेपर्यंत बाद. आणि टंचाई कधी येते? एप्रिल-मेमध्ये. कॉलेजं बंद, परीक्षा, उन्हाळा, अर्धी जनता गावाला. आम्ही सगळं रक्त एकाच दिवशी गोळा केलं, तेही बाकी सगळे शिबिरं घेतात त्याच मोसमात. आकडा गाठला, पण गरज कधी आहे हे कुणाला विचारलंच नाही.

म्हणून पहिला नियम: ध्येय लिहिण्याआधी ज्याच्यासाठी काम करायचं त्याला विचारा. रक्तपेढीला एक फोन करायचा, "तुम्हाला कुठल्या महिन्यात अडचण येते? एका वेळी किती बाटल्या झेपतात?" आमचं नवीन ध्येय असं झालं: वर्षात चार शिबिरं, त्यातलं एक मेच्या पहिल्या पंधरवड्यात, प्रत्येकी किमान ३० बाटल्या, शिवाय दात्यांच्या संमतीने रक्तगटानुसार यादी. बेरीज केली तर १२०. म्हणजे २१४ पेक्षा कितीतरी कमी! पण काम जास्त चांगलं. पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये तीन महिन्यांचं आणि महिलांना चार महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं. त्यामुळे नीट अंतर ठेवून चार शिबिरं घेतली, तर तेच दाते पुन्हा येऊ शकतात.

झाडांचंही तसंच. जुलैत खड्डा खणून रोप लावणं आणि सेल्फी काढणं सोपं आहे, पाऊस आपल्या बाजूने असतो. रोपाची खरी परीक्षा मार्च ते मेमध्ये असते. म्हणून "५०० झाडं लावू" हे खोडलं आणि "पुढच्या ३० जूनला १०० झाडं जिवंत असतील" असं लिहिलं. वाक्य बदलल्याबरोबर प्रश्नही बदलले. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? टँकरचे पैसे कुठून आणायचे? गुरं शिरू नयेत म्हणून कुंपण कोण करणार? चांगल्या ध्येयाची हीच खूण आहे, ते पुढची कामं आपोआप दाखवतं.

दुसरा नियम: ताकद मोजा. सॉफ्टवेअरमध्ये स्प्रिंट ठरवताना आपण आधी बघतो, टीमकडे वेळ किती आहे. क्लबमध्ये मात्र कुणीच बघत नाही. आमच्या यादीत ३० सदस्य आहेत, पण नियमित येणारे १२. एकेकजण महिन्याला सहा तास देऊ शकतो. दिवाळीचा आणि सुट्टीवर जायचा काळ मिळून दोन महिने सोडले, तर १२ गुणिले ६ गुणिले १० म्हणजे ७२० तास. आता खर्च बघा. चार शिबिरं, प्रत्येकी धावपळ धरून ७० तास: २८०. वस्तीतल्या मुलांची शिकवणी, तिघेजण, आठवड्याला दोन तास, ४० आठवडे: २४०. मासिक बैठका, १२ जण, दीड तास, दहा वेळा: १८०. झाले ७००! उरले वीस तास. त्यात झाडं सांभाळणं तर कठीणच, मग उरलेली नऊ ध्येयं कुठे बसवणार होतो मी? शेवटी झाडांसाठी सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या गटाला सोबत घेतलं. बाकीची सरळ काढून टाकली, आणि "यंदा हे करणार नाही" अशी वेगळी यादी लिहून ठेवली. त्या यादीमुळे वर्षभर भांडणं कमी झाली, खरं सांगतो.

तिसरा नियम: अध्यक्ष बदलला तरी ध्येय टिकलं पाहिजे. याचं मोठं उदाहरण म्हणजे पोलिओ. रोटरीने १९८५ साली पोलिओप्लस कार्यक्रम सुरू केला. १९८८ मध्ये जागतिक मोहीम उभी राहिली, तेव्हा जगात वर्षाला अंदाजे साडेतीन लाख लोकांना, मुख्यतः लहान मुलांना, पोलिओ होत होता. भारतातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. रोटरीचा अध्यक्ष दरवर्षी बदलतो, पण हे ध्येय बदललं नाही. आणि मोजलं काय? किती कार्यक्रम झाले एवढंच नाही, किती मुलं अजून आजारी पडतायत हे.

आपला क्लब एवढा मोठा नाही, मान्य. पण सवय तीच लावता येते. प्रत्येक ध्येयाला एक जबाबदार माणूस, एक आकडा, एक तारीख. ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलमध्ये अर्धा तास बसून प्रामाणिक आढावा. आकडा मागे असेल तर लपवायचा नाही, ध्येय लहान करायचं किंवा मदत मागायची. आणि जूनमध्ये नव्या टीमच्या हातात यादी, फोन नंबर, झालेल्या चुका, सगळं द्यायचं. फक्त गळ्यात हार घालून मोकळं व्हायचं नाही.

यंदा मेमधल्या शिबिरात ३१ बाटल्या झाल्या. फोटो साधाच आला, पंखा फिरतोय आणि चार खाटा. ढाल वगैरे काही मिळणार नाही. पण दुसऱ्या आठवड्यात रक्तपेढीतून फोन आला, "एबी निगेटिव्हचा कुणी आहे का तुमच्याकडे?" मी यादी उघडली. दोन नावं होती. पहिल्यानेच फोन उचलला आणि म्हणाला, "पत्ता पाठव, निघतो."

तर मंडळी, या रविवारी तुमच्या क्लबची शीट उघडा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे झालं तर नक्की कुणाचं काय बदलेल? जिथे उत्तर सुचणार नाही, ती ओळ खोडा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!