नोटा सहा, चेहरा एक

रिझर्व्ह बँकेच्या महात्मा गांधी (नवी) मालिकेत सध्या सहा मूल्यांच्या नोटा छापल्या जातात: १०, २०, ५०, १००, २०० आणि ५००. सहाही नोटांवर पुढे चेहरा एकच. मागे कोणार्क, वेरूळ, हंपी, पाटणची राणी की वाव, सांची आणि लाल किल्ला. शेजारी स्वच्छ भारतचा चष्मा, तोही गांधीजींचाच. स्त्रियांच्या रकान्यात शून्य.

शंभराच्या नोटेपाशी मात्र थोडं थांबायला हवं. २०१८ मध्ये आलेल्या या फिकट जांभळ्या नोटेवरची पायऱ्यांची विहीर राणी उदयमतीने अकराव्या शतकात, पती पहिला भीमदेव सोळंकी याच्या स्मरणार्थ बांधवली, असं मानलं जातं. आपल्या सहा नोटांवर एका स्त्रीचं काम आहे ते एवढंच. तिचा हुद्दा नोटेवर आला, नाव राहून गेलं.

रोजच्या पैशावर बाईचा चेहरा या देशाला नवा नाही. व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला रुपया १८४० मध्ये निघाला आणि १९०१ पर्यंतच्या रुपयांवर ती राहिली. म्हणजे ६१ वर्षं. वजन ११.६६ ग्रॅम, तोळाभर, त्यात सुमारे ९२ टक्के चांदी. हाच तो राणीछाप रुपया. १८६१ च्या कागदी चलन कायद्यानंतर सरकारने काढलेल्या पहिल्या नोटांवरही तीच होती; बनावट नोटा निघू लागल्यावर १८६७ मध्ये त्या मागे घ्याव्या लागल्या. इतका दीर्घ काळ सगळ्यांच्या हातात खेळलेली स्त्री आपल्या आधुनिक चलनात ही एकच, आणि ती भारतात कधी आलीच नाही.

प्रजासत्ताकाची नाणी १९५० पासूनची. त्यांवर आधी नेहरू आले (१९६४), मग गांधी (१९६९), आणि १९८५ मध्ये इंदिरा गांधी. मधल्या काळात स्त्रिया दोनदा विषय म्हणून आल्या: १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय महिला वर्षानिमित्त आणि १९८० मध्ये ग्रामीण महिलांच्या प्रगतीच्या निमित्ताने. या दोन्ही वेळा नाव कोणाचंच नव्हतं.

इंदिरा गांधींचं नाणं ५० पैशांत निघालं, ५ रुपयांतही निघालं. भाजीवाल्याच्या गल्ल्यात ते सहज सापडे. पाच रुपयांच्या नाण्यावर पुढे संत अल्फोन्सा (२००९), मदर तेरेसा (२०१०), बेगम अख्तर (२०१४) आणि राणी गायदिन्ल्यू (२०१५) आल्या. एक संत, एक सेवाव्रती, एक गायिका, एक स्वातंत्र्यसैनिक. निवड चांगली होती, पण बसचं तिकीट काढताना नाण्यावर कोण आहे हे बघतो कोण!

त्यानंतरचे आकडे बघा. विजयाराजे शिंदे, २०२०: १०० रुपये. संत मीराबाई, २०२३: ५२५ रुपये. अहिल्याबाई होळकर, ३१ मे २०२५: ३०० रुपये. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीचं हे नाणं भोपाळमध्ये प्रकाशित झालं. यातलं एकही नाणं रोजच्या व्यवहारासाठी नाही. अशी नाणी टांकसाळ दर्शनी मूल्याहून जास्त किमतीला संग्राहकांना विकते. शंभर रुपयांचं स्मारक नाणं बरीच वर्षं ३५ ग्रॅमचं, ४४ मिलिमीटर व्यासाचं, निम्मं चांदीचं असे. ते कोणी सुटे म्हणून देत नाही. मखमली डबीत ठेवतात. स्त्रीची किंमत ५० पैशांवरून ५२५ रुपयांवर गेली आणि त्याच वाटेने ती खिशातून बाहेर पडली.

पुरुषांचीही स्मारक नाणी अशीच डबीत जातात. नेताजींचं नाणं ७५ रुपयांचं होतं, एन. टी. रामाराव यांचं १०० चं. रोजच्या वापराच्या नव्या नाण्यांवर तर कोणाचाच चेहरा नाही, सिंहमुद्रा आहे. तरी फरक उरतोच: पुरुषांच्या बाजूने नोटांवर कायमची एक जागा आहे, दुसऱ्या बाजूने एकही नाही.

देवीला मात्र वाट लवकर सापडते. वैष्णोदेवीचं नाणं ५ आणि १० रुपयांत चलनात आलं. ते मिळालं की लोक खर्च करत नाहीत, देव्हाऱ्यात ठेवतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये शंभर रुपयांच्या नाण्यावर भारतमाता आली. २०२२ मध्ये नोटांवर लक्ष्मीचं चित्र छापा अशी मागणी झाली, तेव्हा आठवडाभर चर्चा रंगली. सावित्रीबाई फुल्यांसाठी तेवढा गदारोळ झाल्याचं आठवत नाही.

ऑस्ट्रेलियाने १९९० च्या दशकात हा प्रश्न सरळ गणिताने सोडवला. १०, २०, ५० आणि १०० डॉलरच्या प्रत्येक नोटेवर एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्री. इंग्लंडमध्ये चार नोटांपैकी मागच्या बाजूला स्त्री एकाच नोटेवर, दहा पौंडांच्या: जेन ऑस्टिन.

चित्र सोडून सही बघितली तरी आकडा हलत नाही. नोटांवर सही गव्हर्नरची असते; रिझर्व्ह बँकेचे आजवर २६ गव्हर्नर झाले. त्यांत चिंतामणराव देशमुख होते, स्त्री एकही नाही. एक रुपयाच्या नोटेवर मात्र अर्थ सचिव सही करतात. सुषमा नाथ २०११ मध्ये देशाच्या पहिल्या महिला अर्थ सचिव झाल्या. पण एक रुपयाच्या नोटेची छपाई १९९४ मध्ये थांबली होती, आणि ती पुन्हा सुरू झाली २०१५ मध्ये.