वजाबाकीतून दिसणारा दिवा

पावसाळ्यात घाटात फोटो काढणाऱ्या अनेकांच्या बॅगेत ‘सीपीएल’, म्हणजे पोलरायझर, फिल्टर असतो. लेन्सवर तो जरा फिरवला की ओल्या पानांवरची, कातळावरची चकाकी उतरते आणि हिरवा रंग वर येतो. तोच फिल्टर समोरच्या धुक्यासाठी फिरवून पाहावा, तर धुकं जागचं हलत नाही.

धुकं वस्तू झाकतं, असं आपण म्हणतो. पण नुसतं झाकण्यावर ते थांबत नाही, नको असलेला उजेडही डोळ्यांत ओततं. दाट धुक्यात ड्रायव्हरने अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते, ती या उजेडाची. धुक्याचे थेंब काही मायक्रॉनचे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे. त्यामुळे सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. लाल-पिवळ्या दिव्यांवरचा आपला विश्वास त्या मानाने जरा जास्तच आहे. दिवसाचा उजेड तर थेंबाथेंबावर आपटत येतो आणि त्याच्या कंपनाच्या दिशा पार मिसळून जातात. पोलरायझर एकाच दिशेची कंपनं आत सोडतो; पण इथे तो कसाही धरा, या उजेडाचा सुमारे अर्धा भाग आत येणारच.

पातळ धुरक्याची गोष्ट वेगळी. त्यावरून येणारा सूर्यप्रकाश अंशतः ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं एका दिशेला झुकलेली असतात. फिल्टरच्या दोन कोनांतून काढलेल्या फोटोंवरून धुरकं हिशेबाने वजा करता येतं, हे शेकनर, नरसिंहन आणि नायर यांनी 2001 मध्ये दाखवलं.

खऱ्या धुक्यासाठी मात्र युक्ती उलटी करावी लागते. फ्रान्समधल्या रेन शहरात तिथल्या संशोधकांनी बंगळूरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या हेमा रामचंद्रन यांच्यासह ती करून पाहिली. निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. दूरसंचार मनोऱ्यावर दिवा आणि दिव्यालाच पोलरायझर. कॅमेरा 1.3 किलोमीटरवर. कॅमेऱ्यात वोलास्टन लोलक, जो येणारा प्रकाश कंपनाच्या दिशेनुसार दोन वाटांना लावतो. एकाच क्षणी दोन प्रतिमा मिळतात. दिव्याकडून न विखुरता थेट आलेला प्रकाश आपली दिशा राखून असतो, म्हणून तो बहुतेक एकाच प्रतिमेत उतरतो. धुक्याचा पांढरेपणा दोन्हींत जवळजवळ सारखा. एकीतून दुसरी वजा केली की पांढरेपणा जातो आणि दिवा उरतो.

फायदा किती? भरपूर पार्श्वउजेडात दिव्याचा उठाव जास्तीत जास्त चौपट झाला. आकडा डोळे दिपवणारा नाही, म्हणूनच मला तो विश्वासाचा वाटतो. अंधाऱ्या रात्री तर वजा करायला फारसं काही नसतंच. शिवाय पोलरायझर दिव्याचा निम्मा प्रकाश आधीच खातो.

खरी अट तिसरीच आहे: दिसायला हवी ती वस्तू या कटात सामील असावी लागते. धावपट्टीच्या कडेचे, बंदराच्या तोंडाचे दिवे तसे करता येतील. घाटाच्या वळणावर बंद पडलेल्या ट्रकमागे मात्र झाडाची फांदी आणि चार दगड ठेवलेले असतात, आणि रस्त्यात बसलेल्या म्हशीला कोणी पोलरायझर लावलेला नसतो.