इन्कॉग्निटो नेमकं काय लपवतं?
दुसऱ्याच्या संगणकावर मेल उघडायची वेळ आली, तर ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी जरूर वापरा. खिडकी बंद केली की हिस्टरी आणि कुकीज पुसल्या जातात; डाउनलोड केलेल्या फायली मात्र तिथेच राहतात. पण ही लपवाछपवी त्या यंत्रापुरतीच. तुम्ही कोणत्या साइटवर गेलात, हे इंटरनेट कंपनीला आणि ऑफिसच्या नेटवर्कला दिसू शकतं.

ओळख लपवणाऱ्या टॉर नेटवर्कचं तसं नाही. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात त्याची कल्पना जन्मली. तुमची विनंती कूटलेखनाच्या थरांत गुंडाळून सहसा तीन संगणकांमधून जाते. पहिल्याला तुमचा आयपी पत्ता कळतो, शेवटच्याला मुक्काम. दोन्ही गोष्टी एकट्या कुणालाच कळत नाहीत. वेग मंदावतो, तो सोसावा. पण तिथे स्वतःच्या नावाने लॉगिन केलंत, तर मुसळ केरात!