बॅग आधी उचलून पाहा!

सुट्टीचे दिवस जवळ आले, की लक्ष्मी रस्त्यावरील बॅगांच्या दुकानांत गर्दी वाढू लागते. ग्राहक कप्पे मोजतो, चेन दोन वेळा ओढून पाहतो, गुळगुळीत फरशीवर बॅग एका बोटाने फिरवतो आणि समाधानाने पैसे देतो. ती उचलून पाहणारा मात्र विरळाच. वस्तुतः सदाशिव पेठेत राहणाऱ्यांनी हीच परीक्षा आधी घ्यायला हवी. येथील कित्येक जुन्या इमारतींना आजही लिफ्ट नाही. म्हणजे बॅगेचा प्रवास सुरू होतो तो जिन्यावर. पुढे बोळ, उखडलेले पेव्हिंग ब्लॉक, रिक्षा आणि रेल्वेचा पूल. त्यातच अनेक घरांत मुले परगावी किंवा परदेशी असतात आणि प्रवासाला निघणारे आई-वडील साठी-सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या दृष्टीने सामानाचे वजन हा थेट कंबरेचा आणि गुडघ्यांचा प्रश्न ठरतो.

एके काळी लोखंडी ट्रंक, होल्डॉल आणि फिरकीचा तांब्या घेऊन कुटुंबे काशीयात्रेला निघत, तेव्हा हा भार हमालाच्या डोक्यावर असे. चाकांनी चित्र पालटले. अमेरिकेतील बर्नार्ड सॅडो यांना चाके लावलेल्या सूटकेसचे पेटंट १९७२ मध्ये मिळाले. तिला पट्ट्याने ओढावे लागे. उभी धरून लांब दांड्याने ओढायची दुचाकी बॅग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने तयार केली. चाके आली आणि आपण हमालाला विसरलो. परिणामी बॅगा फुगत गेल्या. जिन्यावर मात्र चाक निरुपयोगी आणि हमाल आपणच!

खरेदी करताना म्हणूनच रिकाम्या बॅगेचे वजन विचारावे. सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीची मोठी बॅग रिकामीच चार-पाच किलोंची भरते. देशांतर्गत विमानप्रवासात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो सामान मोफत नेऊ देतात. त्यातला जवळपास तृतीयांश वाटा बॅगच खाऊन टाकत असेल, तर ती स्वस्त मिळाली असे कसे म्हणावे? दोघांच्या प्रवासाला एक अजस्र बॅग घेण्यापेक्षा दोन मध्यम बॅगा बऱ्या. चार फिरत्या चाकांची बॅग विमानतळावर ऐटीत चालते. परंतु तिची बाहेर आलेली चाके पेठेतील रस्त्यांवर लवकर दगा देतात. बुडाशी अर्धी आत बसवलेली दोन मोठी चाके येथे अधिक टिकाऊ ठरतात.

रेल्वेचा नियम वरकरणी उदार आहे. स्लीपर आणि वातानुकूलित थ्री टियरच्या प्रवाशाला ४० किलो, टू टियरला ५० किलो, तर द्वितीय श्रेणीला ३५ किलो सामान मोफत नेता येते. पण चाळीस किलो नेता येतात, म्हणजे चाळीस किलो उचलता येतात असे नव्हे. भरलेली बॅग घेऊन निघण्याच्या दोन दिवस आधी एक मजला उतरून पुन्हा चढून पाहावे. मध्ये थांबावे लागले, तर काही वस्तू घरीच ठेवायच्या. हा उपाय काहींना हास्यास्पद वाटेल. निघताना शेजारच्या मुलाला हाक मारता येते हेही खरे, पण परक्या गावच्या फलाटावर तो मुलगा नसतो.

बॅग भरताना जड वस्तू चाकांच्या बाजूला ठेवाव्यात, म्हणजे उभी बॅग पुढे कोलमडत नाही. बुटांच्या पोकळीत मोजे जातात, सुती कपड्यांच्या गुंडाळ्या फटीत बसतात. सर्वांत जाड स्वेटर आणि सर्वांत जड बूट अंगावर घालूनच निघावे. पती-पत्नीने आपापली बॅग स्वतंत्र न भरता दोघांचे थोडे थोडे कपडे दोन्हींत ठेवावेत. एखादी बॅग मागे राहिली, तरी कोणाचीच पंचाईत होत नाही.

औषधे मात्र कधीही मोठ्या बॅगेत टाकू नयेत. संपूर्ण प्रवासाची औषधे, वर चार दिवसांची जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत हवीत. इन्सुलिन गोठले की निकामी होते, म्हणून तेही विमानाच्या पोटात न देता जवळच ठेवावे. पॉवर बँकही केबिनमध्येच न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतच्या, म्हणजे साधारण २७ हजार एमएएचपर्यंतच्या पॉवर बँकेला विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही.

खरा पेच खाऊचा. मुलाकडे निघालेल्या आईच्या बॅगेतून लाडू काढायला सांगणे हे या प्रतिनिधीच्याही आवाक्याबाहेरचे आहे! तरी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यातच. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्यांत तेल भरपूर असल्याने त्या पेट घेऊ शकतात. म्हणून भारतातील विमान कंपन्या त्या चेक-इन सामानात घेत नाहीत. अमेरिकेत कढीपत्ता, ताजा असो वा वाळवलेला, नेण्यास मनाई आहे. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. तेव्हा दुबईला निघणाऱ्यांनी अनारसे आणि खसखस घातलेले लाडू घरीच संपवलेले बरे. परदेशी विमानप्रवासात तूप आणि लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत चालत नाही. ती मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत घट्ट बांधून, कपड्यांच्या मधोमध ठेवावी.

बॅगेवरील जुन्या प्रवासाची चिकटपट्टी काढून टाकावी, नाव आणि मोबाइल क्रमांक लिहिलेला कागद बॅगेच्या आतही ठेवावा आणि बंद करण्यापूर्वी तिचे एक छायाचित्र काढून घ्यावे. विमानतळावरील पट्ट्यावर बॅग आलीच नाही, तर सभागृहाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या खिडकीवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात फुटलेल्या वा तुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत करावी लागते; उशिरा मिळालेल्या बॅगेसाठी ही मुदत २१ दिवसांची आहे.