तिसऱ्या रुळाचा आवाज

वाफेचं इंजिन जपणाऱ्यांना एक मोठा आधार असतो. कोळसा भरला, पाणी भरलं, बॉयलर तपासून घेतला की ते इंजिन गावाबाहेरच्या चार मैलांच्या जुन्या रुळांवरही पूर्वीसारखंच चालतं आणि पूर्वीसारखंच वाजतं. विजेच्या लोकलचं तसं नाही. तिची ताकद तिच्या पोटात नसतेच. दक्षिण इंग्लंडात ती ताकद शेजारून धावणाऱ्या तिसऱ्या रुळातून येते: आधी 600, मग 660 आणि शेवटी 750 व्होल्ट डीसी. हौशी मंडळींच्या छोट्या रेल्वेंवर हा तिसरा रूळ नाही. उघड्यावर, जमिनीलगत इतका विजेचा दाब असलेला रूळ नव्याने टाकायला ब्रिटनची रेल्वे सुरक्षा यंत्रणा सहसा राजी होत नाही, आणि त्यात तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही. त्यामुळे जतन केलेली विजेची लोकल बहुतेक ठिकाणी डिझेल इंजिनाच्या मागे बांधून ओढली जाते. डबे तेच, दारं तीच, पण गाडी मुकी.

ज्या शेडमध्ये मी सुट्टीच्या दिवशी कामाला जातो, तिथे फोर-ईपीबी जातीच्या गाडीचा एक मोटर डबा उभा आहे. सदर्न रेल्वेच्या या नावांची पद्धत सरळ आहे. आकडा डब्यांचा आणि अक्षरं वैशिष्ट्याची. फोर-सब म्हणजे उपनगरी, टू-बिल म्हणजे दोन्ही डब्यांत शौचालय, फोर-कॉर म्हणजे आरपार जाता येणारी पोर्ट्समथची गाडी. या कॉरच्या तोंडावर एका बाजूला ड्रायव्हरची खिडकी आणि दुसऱ्या बाजूला मार्गाचा आकडा दाखवणारी चौकट होती, म्हणून लोकांनी तिला एकाक्ष दर्यावर्दी नेल्सनचं नाव दिलं. ईपीबीतली अक्षरं ब्रेकची आहेत: विजेने हुकूम जातो, हवेने ब्रेक लागतो. 1951 पासून बांधलेल्या या गाड्या 1995 पर्यंत लंडनच्या दक्षिणेकडच्या चाकरमान्यांना रोज नेत-आणत होत्या. चार डब्यांत 386 जागा, आणि प्रत्येक आसनजोडीला स्वतःचं दार. दोन गाड्या जोडल्या की एका बाजूला सत्तरहून अधिक दारं होतात. सकाळी गाडी टर्मिनसमध्ये शिरताना, अजून पुरती थांबलीही नसताना, ती दारं एकामागून एक उघडत आणि माणसं चालत्या गाडीतून फलाटावर उतरत. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मला दिलेलं काम दारांच्या कुलुपांचं होतं. कुलूप दारातून काढून शेगड्यात धरलं की आधी दिसतं ते वंगण. अनेक वर्षांचं वंगण आणि ब्रेकची लोखंडी धूळ एकत्र होऊन काळा, टणक थर बसलेला असतो. रॉकेलमध्ये भिजवून, पितळी ब्रशने घासून तो काढायचा. पोलादी ब्रश वापरला तर जिभेच्या कडा झिजतात आणि सगळा मामला त्या कडांवरच अवलंबून असतो. ही जीभ दोन टप्प्यांत अडकते. दार जोरात लोटलं तर ती पूर्ण आत जाते आणि दार डब्याच्या अंगाशी सपाट बसतं. हळू लोटलं तर पहिल्या टप्प्यावर अडकतं: उघडत नाही, पण बोटभर बाहेर राहतं. गार्ड आणि फलाटावरचा पोर्टर गाडी सोडण्याआधी गाडीच्या अंगावरून नजर फिरवत तो याच बोटभर फरकासाठी. मूठ आडवी नसेल किंवा दाराची कड बाहेर आलेली असेल तर पोर्टर धावत जाऊन खांद्याने ते दार बसवी.

म्हणून ही दारं आपटावीच लागत. आपटण्याचा आवाज हे त्यांचं चालू असण्याचं लक्षण होतं. आमच्याकडे एक निवृत्त गार्ड येतात. बिजागरीखाली पितळेची पातळ पट्टी सरकवायची की काढायची, हे ते दार आपटून कानाने ठरवतात. आवाज फुटका आला की दार खाली झुकलंय; घट्ट, एकसंध आला की चौकट जुळली. मी फूटपट्टीने मोजून पाहिलं तेव्हा त्यांचा कान बरोबर निघाला. त्यांना विचारलं तर ते दारांबद्दल फारसं बोलत नाहीत, मोटरींबद्दल बोलतात. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीची 507 क्रमांकाची, अडीचशे अश्वशक्तीची मोटर. मोटर डब्याच्या एका बोगीत अशा दोन. गाडी सुटताना खालून येणारी घुरघुर, मग वेगाबरोबर चढत जाणारा सूर, ड्रायव्हरने वीज तोडली की अचानक उतरणारी पट्टी. जुन्या सब गाड्यांच्या 339 क्रमांकाच्या मोटरींचा सूर निराळा होता आणि ही माणसं डोळे मिटून दोन्हींतला फरक सांगतात. गाडी स्टेशनात थांबली की कॉम्प्रेसर धडधडू लागे आणि पायाखालची फळी थरथरे. थंडीत तिसऱ्या रुळावर बर्फ धरलं की संपर्काच्या लोखंडी बुटाखालून निळ्या ठिणग्यांचा लोट उठे आणि क्षणभर सगळं आवार उजळून निघे. डब्यांचे फोटो हजारांनी आहेत. लोकांच्या आठवणींत मात्र जास्त जागा आवाजाने व्यापली आहे.

मी मध्य रेल्वेच्या कडेला वाढलो, म्हणून हे मला परकं वाटलं नाही. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली, तीही डीसीवर, फक्त 1500 व्होल्ट आणि डोक्यावरच्या तारेतून. 2016 पर्यंत आपल्याकडे डीसी संपलं. त्या जुन्या लोकलींचं गुरगुरणं आणि लंडनच्या ईपीबीचं गुरगुरणं एकाच घराण्यातलं आहे, कारण यंत्राची रीत एकच: आधी दोन मोटरी एकापाठोपाठ एक जोडायच्या, वाटेतले रोधक टप्प्याटप्प्याने काढत जायचे, मग मोटरी समांतर करून पुन्हा तेच.

हे टप्पे आम्ही उभ्या गाडीत पाहिले. मोटरींना वीज न देता केवळ नियंत्रणाच्या मंडळाला बॅटरीचा पुरवठा द्यायचा, वर्कशॉपच्या नळीतून हवा भरायची आणि सगळे स्विच योग्य क्रमाने लागतात का ते तपासायचं. एक जण केबिनमध्ये. त्याने मूठ सतत दाबून धरायची, कारण ती सुटली की गाडी ड्रायव्हर बेशुद्ध पडला असं समजते आणि ब्रेक लावते. मी खाली, डब्याच्या पोटाशी, पेटीचं झाकण उघडून तक्ता हातात घेऊन बसलो होतो. केबिनमधून ‘शंट’ असा आवाज आला आणि पेटीत दोन संपर्क खाडकन मिटले. ‘सिरीज’ म्हटल्यावर कॅमशाफ्ट फिरू लागला: खट, खट, खट, प्रत्येक खटक्याला एक रोधक बाहेर. मधे एका जागी तो अडखळला. तक्त्याप्रमाणे जो संपर्क मिटायला हवा होता त्याचं तांब्याचं टोक काळवंडलं होतं. कानस फिरवून ते चकचकीत केलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला क्रम शेवटपर्यंत गेला, समांतर जोडणी झाली आणि वर केबिनमध्ये बसलेल्या निवृत्त ड्रायव्हरने सवयीने खिडकीतून मागे फलाटाकडे पाहिलं. फलाट अर्थातच नव्हता.

चाकं जागची हलणार नसताना एवढा खटाटोप कशाला, असं काही जण विचारतात. डबा रंगवून, गाद्यांवर नवं कापड चढवून, संग्रहालयात ठेवला तर पुरे नाही का? मला ते पुरेसं वाटत नाही. आतलं यंत्र मेलेलं असलेली विजेची लोकल म्हणजे नुसती खोली आहे. तो कॅमशाफ्ट कसा फिरतो, कोणता संपर्क कोणत्या संपर्काच्या आधी मिटायला हवा, हे हाताने ओळखणारी माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. तक्ते छापील मिळतात. पण अडखळलेल्या खटक्याच्या आवाजावरून दोष ओळखणं तक्त्यात नाही.

शिवाय वाचलेल्या गाड्या थोड्या आहेत. या पिढीच्या अनेक डब्यांत अ‍ॅस्बेस्टॉस होता. तो काढण्याचा खर्च हौशी संस्थांना झेपत नसे आणि गाड्या सरळ भंगारात जात. 1988 च्या डिसेंबरात क्लॅपम जंक्शनजवळ अपघात झाला, 35 माणसं गेली. जुन्या सांगाड्यांचे डबे धडकेत किती टिकाव धरतात हा प्रश्न त्यानंतर मागे पडला नाही. त्याच वर्षी आरपार वाट नसलेल्या एका बंद कप्प्यात, भर दिवसा, एका तरुणीचा खून झाला होता. ज्या कप्प्यांच्या शांततेबद्दल मंडळी जिव्हाळ्याने बोलतात, त्याच कप्प्यांत एकट्या बाईला कुठे पळायला जागा नव्हती. हेही त्या गाड्यांच्या आठवणीतच धरायला हवं. 1999 च्या नियमांनी जुन्या डब्यांची मुदत ठरवली आणि 2005 च्या अखेरीस आपटणारी दारं मुख्य मार्गांवरून गेली. फक्त लिमिंग्टनच्या छोट्या फाट्यावर दोन गाड्या 2010 च्या मे महिन्यापर्यंत राहिल्या. आयल ऑफ वाइटवर तर 1938 सालचे लंडनच्या भुयारी रेल्वेचे डबे 2021 च्या जानेवारीपर्यंत समुद्रकाठाने रोज धावत होते.

आमच्या डब्यापुढचं काम आता कॉम्प्रेसरचं आहे. त्याला तिसऱ्या रुळाच्याच दाबाची वीज लागते, पण मोटरींच्या तुलनेत फार थोडी. म्हणून शेडमध्ये कुलूपबंद पेटीतून तेवढाच पुरवठा देण्याचा आराखडा करून तपासणीला पाठवला आहे. तोवर कॉम्प्रेसरचं आवरण उतरवून ठेवलंय, नवे ब्रश बसवायचे आहेत आणि निवृत्त गार्डनी पलीकडच्या बाजूच्या आठही दारांवर खडूने खुणा केल्या आहेत: कोणत्या बिजागरीला पट्टी हवी, कोणतं कुलूप पुन्हा काढायचं.