कधीच न निघालेली फौज

२७ फेब्रुवारी २०२२ रोजी स्वीडनच्या पंतप्रधान माग्दालेना आंदेर्सन यांनी युक्रेनला ५,००० रणगाडाविरोधी शस्त्रं, तेवढीच शिरस्त्राणं आणि चिलखती जाकिटं, शिवाय जवानांसाठी तयार जेवणाची १,३५,००० पाकिटं देण्याची घोषणा केली. युद्धात सापडलेल्या देशाला स्वीडननं याआधी शस्त्रं पाठवली होती ती १९३९ मध्ये, सोव्हिएत रशिया फिनलंडवर चालून गेला तेव्हा, याची आठवण त्यांनी त्या वेळी करून दिली. युक्रेनला काय द्यायचं, किती द्यायचं आणि कधी द्यायचं यावर ब्रसेल्स, बर्लिन आणि वॉशिंग्टनमध्ये पुढे जो काथ्याकूट चालला, तो वाचताना मला वारंवार फिनलंडचा तो हिवाळा आठवत राहिला. ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४० असे १०५ दिवस ते युद्ध चाललं. तेवढ्या काळात दोस्त राष्ट्रांनी मदतीवर खल केला, योजना आखल्या, फौज गोळा केली. ती फौज फिनलंडला कधीच पोचली नाही. ती का पोचली नाही, हे पुन्हा तपासून पाहावंसं वाटतं.

तेव्हा फिनलंडची लोकसंख्या चाळीस लाखांच्याही आत होती. कारेलियाच्या चिंचोळ्या पट्ट्यात त्यांची सरहद्द लेनिनग्राडपासून जेमतेम ३२ किलोमीटरवर होती आणि स्टालिनला ती मागे रेटायची होती. ऑक्टोबरमध्ये मॉस्कोत बोलणी झाली. कारेलियातला प्रदेश, फिनलंडच्या आखातातली बेटं, हांको इथे नाविक तळ अशा मागण्या होत्या आणि बदल्यात पूर्वेकडची जंगलं देऊ केली होती. फिनलंडनं नकार दिला. ३० नोव्हेंबरला हेलसिंकीवर बाँब पडले आणि दुसऱ्याच दिवशी मॉस्कोनं ओटो कूसिनेन या फिनिश कम्युनिस्टाच्या नावे एक बाहुलं सरकार उभं करून टाकलं. हेच फिनलंडचं खरं सरकार, तेव्हा आपलं कुणाशी युद्धच नाही, असा पवित्रा रशियाचे परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांनी घेतला. १४ डिसेंबरला राष्ट्रसंघानं रशियाला सदस्यत्वावरून काढून टाकलं आणि सभासद देशांना फिनलंडला मदत करण्याचं आवाहन केलं. ठराव झाला, टाळ्या झाल्या.

फिनिश सैन्य कशावर लढत होतं, हे मात्र जवळून पाहण्यासारखं आहे. तोफा पहिल्या महायुद्धाच्या किंवा त्याहूनही जुन्या होत्या आणि तोफगोळे मोजून वापरावे लागत. रणगाडे नावापुरते होते आणि रणगाडे फोडणाऱ्या तोफा त्याहून फार जास्त नव्हत्या. म्हणून सरकारी मद्यनिर्मिती मंडळाच्या रायामाकी इथल्या कारखान्यात दारूच्या बाटल्यांत ज्वालाग्राही मिश्रण भरलं जाऊ लागलं. तिथून पाच लाखांच्या आसपास बाटल्या आघाडीवर गेल्या. रशियन विमानं बाँब टाकत असताना मोलोटोव्ह आपण पाव टाकतोय असं सांगत होते, म्हणून त्या पावाबरोबर घ्यायच्या ‘पेया’ला फिनिश जवानांनी मोलोटोव्ह यांचंच नाव दिलं. हातात बाटली घेऊन रणगाड्याच्या अंगावर जायचं म्हणजे तो काही पावलांवर येईपर्यंत बर्फात पडून राहायचं. तोल्वायार्वी, सुओमुस्साल्मी आणि राते रस्त्यावरच्या ज्या विजयांच्या बातम्या वाचून लंडन-पॅरिसमधले लोक भारावून गेले, ते विजय अशा माणसांनी मिळवले होते.

या युद्धात सर्वांत जास्त देणारा देश स्वीडन. लाखाहून अधिक रायफली, विमानवेधी आणि रणगाडाविरोधी तोफा, कोट्यवधी काडतुसं आणि वर्गणीतून जमलेला मोठा निधी तिथून आला. ‘फिनलंडचा प्रश्न तो आमचाच प्रश्न’ अशी भित्तिपत्रकं स्वीडनभर लागली होती. आठ हजारांच्या वर स्वीडिश स्वयंसेवक फिनलंडला गेले आणि फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांनी उत्तरेकडची साल्लाची आघाडी स्वतःकडे घेतली, त्यामुळे तिथली फिनिश पथकं दक्षिणेला हलवता आली. पण स्वीडनचं सैन्य म्हणून एकही तुकडी आली नाही. सरकारनं तिथे रेघ ओढली होती. याहून अधिक काही करावं असं ज्यांचं मत होतं, ते परराष्ट्रमंत्री रिकार्ड सांडलेर डिसेंबरमध्येच मंत्रिमंडळाबाहेर पडले होते.

बाकीच्यांची कथा थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धानंतरचं कर्ज नियमित फेडणारा देश म्हणून अमेरिकेत फिनलंडबद्दल जिव्हाळा होता. त्या जिव्हाळ्यातून डिसेंबरमध्ये एक कोटी डॉलरचं कर्ज मिळालं, पण त्यातून शस्त्रं घ्यायची नाहीत, या अटीवर. अमेरिकेनं ४४ ब्रूस्टर लढाऊ विमानं विकली, ती मात्र वरातीमागून घोडं या थाटात आली. युद्ध थांबलं तोवर फिनलंडमध्ये पोचलेली विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. इटलीहून निघालेली फिआट विमानं जर्मनीनं आपल्या हद्दीत अडवली, कारण रशियाशी नुकताच करार झाला होता. फ्रान्स आणि ब्रिटन यांनी विमानं आणि तोफा दिल्या आणि त्या उपयोगीही पडल्या. पण त्यांच्या राजधान्यांतला खरा वाद शस्त्रांचा नव्हताच. फौज पाठवायची का, आणि कुठल्या वाटेनं, यावर तो घोटाळत होता.

ती वाट नकाशावर पाहिली की सगळा उलगडा होतो. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर नार्विक बंदर आहे. तिथून निघणारी रेल्वे स्वीडनमधल्या किरुना आणि येलिव्हारेच्या लोहखनिजाच्या खाणींवरून बोथनियाच्या आखातावरच्या लुलेओला जाते. जर्मनीचं पोलाद या खनिजावर बेतलेलं होतं. हिवाळ्यात लुलेओ गोठतं, नार्विक गोठत नाही, त्यामुळे त्या महिन्यांत खनिज नार्विकहून नॉर्वेच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं जर्मनीला जायचं. ही वाहतूक तोडावी म्हणून नाविक खात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांनी सप्टेंबरपासूनच लकडा लावला होता. फिनलंडवर हल्ला झाला आणि त्या जुन्या इच्छेला एक उदात्त कारण मिळालं. फिनलंडकडे जायचं तर नार्विकहून, म्हणजे खाणींवरूनच जावं लागणार. वाटेत खाणी ताब्यात आल्या तर आल्या! आवळा देऊन कोहळा काढायचा हा बेत होता.

५ फेब्रुवारी १९४० रोजी पॅरिसमध्ये दोस्तांच्या सर्वोच्च युद्धमंडळाची बैठक झाली. ब्रिटनचे पंतप्रधान चेंबर्लेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान दालादिए दोघेही हजर होते. फौज पाठवायचं ठरलं. त्या योजनेतलं बहुतेक सैन्य नार्विक, खाणी आणि दक्षिण नॉर्वेतल्या बंदरांवर थांबणार होतं आणि प्रत्यक्ष फिनलंडच्या वाट्याला त्यातला छोटासा हिस्सा येणार होता. नॉर्वे आणि स्वीडन या दोघांनी वाट द्यावी, आणि फिनलंडनं जाहीरपणे मदत मागावी, म्हणजे त्या दोघांना नाही म्हणणं अवघड जाईल, असा हिशेब होता. मदत ज्याला द्यायची त्याचाच शेजाऱ्यांना पेचात पकडण्यासाठी उपयोग करायचा, हे मला त्या योजनेतलं सर्वांत अप्रामाणिक कलम वाटतं.

स्वीडनला हा डाव कळत नव्हता असं नाही. दोस्तांना वाट दिली तर जर्मनी गप्प बसणार नाही आणि महायुद्ध आपल्या अंगणात येईल, हे पंतप्रधान पेर आल्बिन हान्सन ओळखून होते. १३ फेब्रुवारीला फिनलंडचे परराष्ट्रमंत्री व्हैनो टॅनर स्टॉकहोमला त्यांच्याकडे सैन्य मागायला गेले. नकार मिळाला. तीन दिवसांनी एका वृत्तपत्रानं तो नकार छापला आणि स्वीडनमध्ये एकच गहजब उडाला. अखेर १९ फेब्रुवारीला राजे पाचवे गुस्ताव यांना स्वतः निवेदन काढून तोच नकार पुन्हा सांगावा लागला. ही बातमी मॉस्कोतही वाचली गेली, हे सांगायला नको. पुष्कळांनी स्वीडनला भेकड ठरवलं. मला ते पटत नाही. ज्या वाटेवरून येणाऱ्या फौजेचा डोळा तुमच्याच खाणींवर आहे, ती वाट बंद ठेवणं हा अविचार म्हणता येणार नाही. दोष द्यायचाच तर तो वेळेला द्यावा लागेल. त्या दिवसांत तो नकार जाहीर झाल्यानं वाटाघाटींत फिनलंडच्या हाती असलेला एक पत्ता उघडा पडला.

कारण तोवर वाटाघाटी सुरू झाल्या होत्या. जानेवारीत फिनिश नाटककार हेला वुओलियोकी स्टॉकहोममध्ये रशियाच्या राजदूत अलेक्सांद्रा कोलोंताय यांना गुपचूप भेटल्या आणि महिना संपायच्या आत मोलोटोव्ह यांनी हेलसिंकीतल्या सरकारशी बोलायला तत्त्वतः हरकत नसल्याचं कळवलं. म्हणजे कूसिनेन यांचं सरकार बाजूला पडलं. पण ११ फेब्रुवारीला सुम्मा इथे फिनिश संरक्षक फळी फुटली होती आणि आता रोजच्या रोज जमीन जात होती. महिनाअखेरीस रशियाच्या अटी हाती आल्या, त्या ऑक्टोबरपेक्षा कितीतरी कडक. सरसेनापती मानरहाइम यांचं मत तहाकडे झुकलं होतं. २९ फेब्रुवारीला पंतप्रधान रिस्टो रूती यांचं सरकार अटी स्वीकारण्याच्या बेतात आलं.

आणि नेमक्या त्याच घटकेला पॅरिसहून निरोप आला. दालादिए यांनी ५०,००० सैनिक आणि १०० बाँबफेकी विमानं कबूल केली. ती महिन्याभरात येतील, फक्त तह करू नका आणि जाहीरपणे मदत मागा. हेलसिंकी थबकली. मॉस्कोला लगेच होकार देण्याऐवजी अटींबद्दल आणखी खुलासे मागवले गेले. मग लंडनकडून आकडे आले, ते दालादिए यांच्या आकड्यांच्या जवळपासही फिरकत नव्हते. शिवाय नॉर्वे आणि स्वीडन यांनी मार्चच्या सुरुवातीला वाट द्यायला रीतसर नकार दिला. याच दिवसांत व्हीपुरीच्या गोठलेल्या आखातावरून रशियन तुकड्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत होत्या आणि थकलेल्या फिनिश पलटणी त्यांना थोपवत होत्या. पाठवता येणार नाही अशा सैन्याचा आकडा दालादिए यांनी का दिला? फ्रान्सच्या लोकसभेत त्यांची खुर्ची डळमळत होती, आणि युद्ध फ्रान्सच्या भूमीपासून दूर नेता आलं तर त्यांना हवंच होतं. लढणाऱ्याला खोटी आशा दाखवणं नकार देण्याहून वाईट, कारण नकार मिळाला की माणूस निदान आपला निर्णय घेऊ शकतो.

५ मार्चला फिनलंडनं निर्णय घेतला. रूती, पासिकिवी, जनरल वाल्डेन आणि वोइओनमा हे चौघे मॉस्कोला गेले. स्टालिन बैठकीत आलेच नाहीत. मोलोटोव्ह आणि झ्दानोव्ह समोर बसले आणि अटी आणखी वाढल्या.

१२ मार्चच्या संध्याकाळी लंडनमध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळापुढे मोहिमेचे सेनापती उभे होते. नॉर्वेच्या लोकांनी बंदरात विरोध केला तर गोळी चालवायची का, हा त्यांचा साधा प्रश्न होता. त्याचं सरळ उत्तर कुणालाच देता येईना. नॉर्वेचे लोक मारून आत शिरावं लागणार असेल तर आपली त्याला तयारी नाही, असं परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांनी बोलून दाखवलं. तीन महिन्यांच्या चर्चेनंतर, सैनिक जहाजांवर चढण्याच्या सुमारास, हा प्रश्न पहिल्यांदा इतक्या उघडपणे विचारला जात होता. त्याच दिवशी पॅरिसमध्ये दालादिए सभागृहाला सांगत होते की फौज तयार आहे, फिनलंडनं बोलावण्याचाच अवकाश. आणि त्याच रात्री मॉस्कोत तहावर सह्या झाल्या.

फिनलंडचा दहावा हिस्सा गेला. व्हीपुरीसह कारेलियाचा मोठा भाग सोडून चार लाखांहून अधिक माणसं गाडीत मावेल ते सामान घेऊन पश्चिमेला आली. २५,००० च्या आसपास फिनिश सैनिक मेले. रशियाचे मृत सव्वा लाखाच्या घरात होते.

तरीही दोस्तांचा तो सगळा खल अगदी वाया गेला, असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारीत फळी फुटल्यावर रेड आर्मीला हेलसिंकीपर्यंत जाणं फार अवघड राहिलं नव्हतं. स्टालिन थांबले, बाहुलं सरकार सोडून रूतींच्या सरकारशी तह करून मोकळे झाले. लढाई आणखी लांबली तर ब्रिटन आणि फ्रान्सशी युद्ध ओढवेल, या धास्तीचा त्यात मोठा वाटा असावा असं मानायला भरपूर जागा आहे. न निघालेल्या फौजेची भीती मॉस्कोत खरी होती. पण ते श्रेय दोस्तांच्या उदारतेच्या खात्यावर मांडता येत नाही, कारण त्या भीतीचा वापर फिनलंडसाठी करायचा हे त्यांच्या योजनेत कुठेच नव्हतं.

पुढची हकीकत वेगानं घडली. २० मार्चला दालादिए यांचं सरकार फिनलंडच्या प्रश्नावरूनच गेलं. ८ एप्रिलला ब्रिटिशांनी नॉर्वेच्या किनाऱ्यावर सुरुंग पेरले, ९ एप्रिलला जर्मनीनं नॉर्वे आणि डेन्मार्कवर हल्ला केला. नार्विक आता लढून मिळवावं लागलं आणि तेही टिकलं नाही. नॉर्वेच्या अपयशावरच्या चर्चेनंतर १० मे रोजी चेंबर्लेन पायउतार झाले. दोस्तांना वाट नाकारणाऱ्या स्वीडननं उन्हाळ्यात जर्मन सैनिकांना रेल्वेनं ये-जा करू दिली.

एकटा पडलेला फिनलंड जर्मनीकडे सरकला. जून १९४१ मध्ये गमावलेला मुलूख परत घ्यायला तो हिटलरच्या बाजूनं रशियावर गेला आणि जुनी हद्द ओलांडूनही पुढे गेला. आता रशिया ब्रिटनचा मित्र होता. २९ नोव्हेंबरला चर्चिल यांनी मानरहाइम यांना एक खाजगी पत्र लिहिलं. फिनलंड पराभूत नाझींच्या रांगेत उभा दिसला तर इथल्या त्याच्या अनेक मित्रांना वेदना होतील, लढाई थांबवा, अशी विनंती त्यात होती. देशाच्या सुरक्षिततेसाठी लागणाऱ्या जागा हाती येईपर्यंत थांबता येणार नाही, असं मानरहाइम यांनी अदबीनं कळवलं. ६ डिसेंबर १९४१ रोजी, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनी, ब्रिटननं त्याच्याविरुद्ध युद्ध जाहीर केलं.