मीड्‌स, सर कॉलिन अर्ल

(३ जून १९३६ – २० ऑगस्ट २०१७). न्यूझीलंडचा विख्यात रग्बी खेळाडू व ‘ऑल ब्लॅक्स’ या राष्ट्रीय संघाचा आघाडीचा आधारस्तंभ. जन्म केंब्रिज (न्यूझीलंड) येथे, शेतकरी कुटुंबात. बालपणीच कुटुंब ते कूईटी या गावाच्या परिसरात स्थायिक झाले. तेथील मेंढपाळीचा व शेतीचा व्यवसाय त्याने पुढेही चालू ठेवला. त्या काळी रग्बी युनियन हा खेळ हौशी स्वरूपाचा होता व खेळाडूस मानधन मिळत नसे. त्यामुळे परदेश दौऱ्यांसाठी महिनोन् महिने घर व शेत सोडून जावे लागे. उंच व भरभक्कम देहयष्टीमुळे सहकाऱ्यांनी त्याला ‘पाइनट्री’ (देवदारसदृश सूचिपर्णी वृक्ष) हे टोपणनाव दिले व ते जन्मभर टिकले.

मीड्‌स प्रामुख्याने ‘लॉक’ या जागी खेळे. रग्बीच्या पंधरा जणांच्या संघात आठ आघाडीचे (फॉरवर्ड) खेळाडू असतात. त्यांपैकी स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतील दोघांना लॉक म्हणतात. पहिल्या रांगेला मागून रेटा देणे आणि चेंडू सीमारेषेबाहेरून आत फेकला जातो त्या वेळी, म्हणजे लाइन-आउटमध्ये, उंच उडी घेऊन तो मिळविणे ही त्यांची मुख्य कामे. उडी घेणाऱ्यास सहकाऱ्यांनी उचलून धरण्याची मुभा तेव्हा नव्हती. सारा भार स्वतःच्या उडीवर व खांद्यांच्या ताकदीवर असे. मीड्‌सचे वैशिष्ट्य असे, की या कष्टाच्या कामाबरोबरच तो मोकळ्या मैदानातही वेगाने धावे. एका हातात चेंडू धरून प्रतिस्पर्ध्यांना अंगावर घेत निघालेला मीड्‌स हे त्या काळच्या प्रेक्षकांच्या ओळखीचे दृश्य होते.

किंग कंट्री या प्रांतिक संघाकडून तो १९५५ मध्ये खेळू लागला व त्या संघासाठी एकूण १३९ सामने खेळला. १९५७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने राष्ट्रीय संघात पदार्पण केले. १९५७–७१ या कालावधीत तो न्यूझीलंडकडून १३३ सामने खेळला. त्यांपैकी ५५ कसोटी सामने होते. धाकटा भाऊ स्टॅन हाही ऑल ब्लॅक्सचा खेळाडू होता व अकरा कसोटींत दोघे एकत्र खेळले. १९६६ मध्ये ब्रिटिश लायन्स संघाचा चारही कसोटींत पराभव झाला, तर १९६५ ते १९६९ या काळात न्यूझीलंडने लागोपाठ सतरा कसोटी सामने जिंकले. या यशात मीड्‌सचा वाटा मोठा होता.

त्याचा खेळ जितका भक्कम तितकाच कठोर होता, व त्यावरून वादही झाले. २ डिसेंबर १९६७ रोजी मरीफील्ड (एडिंबरो) येथे स्कॉटलंडविरुद्ध आयरिश पंच केव्हिन केलहर यांनी त्याला मैदानाबाहेर काढले. चेंडू उचलण्यास वाकलेल्या चिझम या खेळाडूसमोर त्याने पाय घातला होता व तत्पूर्वी त्याला ताकीदही मिळाली होती. कसोटी सामन्यातून असे हाकलले जाण्याची ही १९२५ मधील सिरिल ब्राउनली याच्यानंतरची दुसरीच घटना. १९६८ मध्ये सिडनीच्या कसोटीत खेळाडूंच्या गर्दीत अडकलेल्या ऑस्ट्रेलियाच्या केन कॅचपोलचा पाय त्याने ओढला. त्या दुखापतीने कॅचपोलची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. मीड्‌सच्या गौरवगाथेतून हे प्रसंग वगळता येत नाहीत.

१९७० च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात ईस्टर्न ट्रान्सव्हालविरुद्ध खेळताना त्याच्या हाताचे हाड मोडले, तरीही तो अखेरपर्यंत मैदानात राहिला. पहिल्या दोन कसोटी हुकल्यावर हातावर संरक्षक आवरण बांधून तो तिसऱ्या कसोटीत उतरला. मात्र मालिका आफ्रिकेने ३–१ अशी जिंकली. १९७१ मध्ये लायन्सविरुद्ध तो कर्णधार होता. ती मालिकाही न्यूझीलंडने गमावली व तेथेच त्याची कसोटी कारकीर्द थांबली. त्याच वर्षाअखेर मोटार अपघातात त्याच्या पाठीस गंभीर दुखापत झाली, परंतु १९७२ मध्ये तो पुन्हा खेळू लागला.

दक्षिण आफ्रिकेशी त्याचा संबंध पुढेही वादग्रस्त ठरला. वर्णद्वेषी धोरणामुळे १९६० च्या दौऱ्यात न्यूझीलंडने माओरी खेळाडू नेले नव्हते, तर १९७० मध्ये माओरी व सामोअन वंशाच्या खेळाडूंना ‘सन्माननीय गोरे’ या अपमानास्पद नावाखाली प्रवेश मिळाला. मीड्‌स दोन्ही दौऱ्यांत होता. १९८६ मध्ये ‘कॅव्हेलियर्स’ या अनधिकृत संघाचा प्रशिक्षक म्हणून तो पुन्हा तेथे गेला व त्यापायी त्याचे राष्ट्रीय निवड समितीतील पद गेले. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर १९९५ च्या विश्वचषक स्पर्धेत तो न्यूझीलंड संघाचा व्यवस्थापक होता. अंतिम सामन्यापूर्वी अनेक खेळाडू आजारी पडले व जोहॅनिसबर्ग येथे यजमान संघाने जादा वेळेत १५–१२ असा विजय मिळविला.

१९९९ मध्ये न्यूझीलंडचा शतकातील सर्वश्रेष्ठ रग्बी खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. २००१ मधील सन्मानाचे २००९ मध्ये ‘सर’ किताबात रूपांतर झाले. ते कूईटी येथे त्याच्या पुतळ्याचे अनावरण जून २०१७ मध्ये झाले, तेव्हा तो कर्करोगाने आजारी होता. तरीही समारंभास उपस्थित राहिला. दोन महिन्यांनी त्याच गावी त्याचे निधन झाले.